डब्यातली चिठ्ठी

"नॅचरल! एकदम नॅचरल! हिला काही शिकवावंच लागत नाही."

सर टाळ्या वाजवत होते. सगळा वर्ग हसत होता. मी वर्गाच्या मधोमध उभी, हातात स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये चार रिकामे कप. कप वाजत होते, कारण माझे हात थरथरत होते. सरांना वाटलं, मी अभिनय करतेय.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. भीती वाटली की मी हसते, लहानपणापासूनची सवय.

बीडमधलं एमबीएचं कॉलेज. दर बुधवारी फॉर्मल कपडे. चौसाळ्याहून एसटीनं येणारी पोरं मोबाईलवर बघून टायची गाठ मारायची आणि ती गाठ आठवडाभर सोडायची नाहीत, तशीच सैल करून डोक्यातून काढायची. बुधवारी शेवटचा तास रोल प्लेचा. सरांकडे निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा होता. त्यात चिठ्ठ्या. मॅनेजर, युनियन लीडर, ग्राहक, शिपाई. डोळे मिटून आपली चिठ्ठी आपण काढायची, असा नियम.

माझी पाळी आली की डबा पुढे यायचा नाही. सर स्वतः आत हात घालायचे, एक चिठ्ठी काढायचे आणि माझ्या तळहातावर वरून टाकायचे. बोट लागायचं नाही. उघडली की शिपाई.

पहिल्यांदा वाटलं, नशीब. दुसऱ्यांदाही वाटलं. तिसऱ्या बुधवारी पोटात दुखायला लागलं, आणि मग दर मंगळवारी संध्याकाळपासूनच दुखायचं. खोलीवरची मैत्रीण म्हणायची, "ओवा खा." ओव्यानं बरं होणारं दुखणं नव्हतं ते.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना सरांनी विचारलं होतं, "नाव कळलं. आडनाव?" मी सांगितलं. "गाव?" मी म्हणाले, "केजजवळ." सर म्हणाले, "अच्छा." हा अच्छा मला चांगला माहीत आहे. शाळेत ऐकलाय. बीडमध्ये भाड्यानं खोली बघत फिरले तेव्हा तीन दारांत ऐकलाय. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीपासून. आडनाव कळलं की माणसं एकतर गप्प होतात, नाहीतर फार गोड बोलायला लागतात. सर गोड बोलायला लागले.

त्याच दिवशी एक फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं, सरकारी नोकरी. खोटं नव्हतं. आमचे अण्णा केजला सरकारी कचेरीत शिपाई आहेत. पण शिपाई हा शब्द लिहिताना माझं पेन अडलं. शेजारच्या रोहननं त्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, उद्योजक. मी हातानं माझा कागद झाकला.

सगळं सरांच्या हातात होतं. इंटर्नलचे मार्क त्यांचे. हजेरी त्यांची. दिवाळीनंतर प्रोजेक्टचे गाईड वाटले, तर माझे गाईडही तेच निघाले. प्रोजेक्टवर त्यांची सही नाही तर डिग्री नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. म्हणून मी ट्रे धरत राहिले. दसरा झाला, दिवाळी झाली, फ्रेशर्स पार्टीत खरोखरचे समोसे वाटायला सरांनी मलाच उभं केलं. "तुला सराव आहे," म्हणाले. मी समोसे वाटले.

जानेवारीत अण्णा आले.

कॉलेजच्या ऑफिसला माझा एक मूळ दाखला हवा होता. अण्णा कचेरीचं टपाल घेऊन बीडला येणारच होते, म्हणाले, येताना आणतो. ड्यूटीवर होते, म्हणून अंगात खाकी. वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे राहिले. बुधवार होता. पुण्याहून कोणी पाहुणे व्याख्यानाला आले होते. सर दारात आले, खाकी कपडे पाहिले आणि म्हणाले, "नवीन का रे तू? जा, कँटीनमधून चार चहा आण."

अण्णांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मी वहीत बघायला लागले.

दहा मिनिटांनी अण्णा चहा घेऊन वर्गात आले. एक थेंब सांडलेला नाही. तीस वर्षांचा हात तो. सर खूश झाले. मला उठवलं.

"बघ गं, ट्रे असा धरतात. शीक ह्याच्याकडून."

वर्ग हसला. मी उभी. माझा बाप माझ्यापासून चार हातांवर उभा, ट्रे घेऊन. माझ्या तोंडात शब्द होते. हे माझे वडील आहेत. चार शब्द. ते बाहेर आले नाहीत. सही, मार्क, हजेरी, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. मी म्हणाले, "हो सर."

हे मी लिहितेय तेव्हाही कान तापलेत. सरांनी जे केलं ते केलं. पण "हो सर" मी म्हणाले.

तास सुटल्यावर पळत फाटकापर्यंत गेले. अण्णा तिथं दाखल्याची पिशवी घेऊन थांबले होते. मला रडू आवरेना.

"कावून रडायलीस? काय झालं एवढं?" अण्णा म्हणाले. "तू वळख दिली न्हाईस, लई बरं केलंस. उगं तुझ्या मार्काला आडकाठी नको."

मला वाटलं होतं ते रागावतील. थोबाडीत मारतील. त्यांनी मला शाबासकी दिली! माझ्या भित्रेपणाला माझा बाप शहाणपण म्हणत होता, कारण त्यांनीही आयुष्यभर तेच केलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली. आणि सरांचा राग आला. राग यायला मला सहा महिने लागले.

मार्चमध्ये कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. भिंती रंगवल्या. कुंड्या आल्या. कधी न उघडलेली लायब्ररी उघडली. समितीला दाखवायला सरांनी रोल प्लेच निवडला. नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, जाड कागदाच्या. विषय ठरला, चहा उशिरा आणणाऱ्या शिपायाला मॅनेजर कसं सुनावतो. सरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं, "उद्या नीट कर. कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

समितीत एक वयस्कर मॅडम होत्या. सरांनी त्यांना डबा दाखवला, नियम सांगितला. बोलता बोलता आपणच सांगून बसले की इथं प्रत्येक विद्यार्थी स्वतः चिठ्ठी काढतो, आम्ही भेदभाव करत नाही. मॅडमना ते आवडलं. "अरे वा, द्या इकडे," म्हणाल्या आणि सरांच्या हातातला डबा घेऊन स्वतःच बाकाबाकावर फिरायला लागल्या.

माझ्यासमोर डबा आला. मी हात घातला. चिठ्ठी उघडली. मॅनेजर.

शिपाई रोहनकडे गेला होता.

सर माझ्या बाकाजवळ आले. ओठ न हलवता म्हणाले, "रोहनशी बदल."

  सही डोळ्यापुढं होतीच. पण खाकीतले अण्णाही होते, आणि त्यांची ती शाबासकी.

"नाही सर."

मी हळूच म्हणाले. पण म्हणाले.

मी जाऊन खुर्चीवर बसले. रोहन ट्रे घेऊन आला. त्याला जमेना. कप घसरले, आज त्यांत भरलेलं पाणी त्याच्या टायवर सांडलं. कुणी हसलं नाही. रोहनला कोण हसणार? आता मी त्याला सुनावायचं होतं. संवाद मला पाठ होते, वर्षभर दुसऱ्या बाजूनं ऐकलेले.

मी म्हणाले, "ट्रे ठेवा. बसा."

रोहन गोंधळून सरांकडे बघायला लागला. मी उठले आणि समितीच्या मॅडमकडे वळले.

"मॅडम, ह्या डब्यात माझा हात आज पहिल्यांदा गेला. वर्षभर मला चिठ्ठी दिली जायची. दर वेळी शिपाई. का, ते कळायला माझं आडनाव वाचून बघा, पटावर आहे."

 मॅडमनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पुढचा कार्यक्रम घ्या." बस. एवढंच झालं. जेवणं झाली, सत्कार झाले, समिती गाडीत बसून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "तुझं प्रोजेक्ट माझ्याकडे आहे ना?" म्हणाले. त्यानंतर ते प्रोजेक्ट तीनदा परत आलं. एकदा समास चुकला म्हणून, एकदा कव्हरचा रंग चुकला म्हणून. तिसऱ्यांदा कारणही दिलं नाही. मैत्रिणी लांब बसायला लागल्या. त्यांच्याही सह्या बाकी आहेत, मी त्यांना दोष देत नाही.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, समितीचं, परत आलेल्या प्रोजेक्टचं, सगळं.  ते म्हणाले, "माफी मागून टाक बाई. मोठी मान्सं हायती ती. पाण्यात राहून माशाशी वैर न्हाई करू."

"अण्णा, पुढच्या बुधवारी तुमी टपाल घेऊन येणार ना बीडला? खाकीतच या. कॉलेजात या."

"मला भ्याव वाटायलंय."

"मलापण. तरी या."

उद्या बुधवार आहे. तक्रारीचा अर्ज लिहून झालाय. एक प्रत प्राचार्यांना, एक विद्यापीठाला. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना नसतो. मी पट्टीनं आखून घेतला आणि लिहिलं, शिपाई.

पोटात दुखतंय. सही कदाचित मिळणार नाही. वर्ष जाईल. गेलं तर पुढच्या वर्षी ह्याच वर्गात पहिल्या बाकावर बसेन, आणि डबा माझ्यापुढं आल्याशिवाय चिठ्ठी घेणार नाही. पण ते नंतरचं. उद्या अण्णांना दारात उभं करणार नाही. वर्गात नेणार, सरांसमोर, रोहनसमोर, सगळ्यांसमोर. ते चार शब्द म्हणणार. आणि सरांना सांगणार, माझ्या वडिलांना खुर्ची द्या.