मोहरममधली मेंदी

घरातल्या दोन कार्यांना मेंदी काढून घेतली, तरी त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. कोन आधी स्वतःच्या अंगठ्यावर टेकवून बघायच्या, मगच समोरचीचा हात धरायच्या. मागच्या वर्षी बाळकुमला राहणाऱ्या भाचीच्या लग्नात त्याच होत्या, आणि आता तिच्या डोहाळजेवणालाही त्याच आलेल्या.

त्यांनी भाचीचा हात धरला, तोच तिची आई, माझी वहिनी, धावत आली. "अहो, तुमचा मोहरम चालू आहे ना? म्हणजे महिनाभर सुतक. पोटुशी पोर आहे, हात नका लावू."

"ताई, मोहरमला आमचं नवीन वर्ष लागतं. शहिदांचं दुःख असतं, पण त्यात विटाळ कसला?"

वहिनी ऐकेना. तेव्हा बाई कोन पिशवीत टाकत कडवट हसल्या. "सुतक मागच्या वर्षी होतं, ताई. लग्नाच्या चार दिवस आधी माझी आई गेली. तरी मी आले. दोन्ही हात मेंदीत, डोळेही पुसता येईनात. तेव्हा कोणी काही विचारलं नाही."

मला वाटलं, आता तरी वहिनी विचारेल, आई कशाने गेली.

वहिनीने लेकीचा हात झटकन ओढून घेतला. "म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नाची मेंदी तुम्ही सुतकात काढलीत?"