एकाच चौकोनात खूण करावी

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. बायको विचारायची, "मास्तरांना फोन केलात का?" मी म्हणायचो, तिकडे आता झोपले असतील. इस्रायलचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच-साडेतीन तासच मागे असतं, हे मला चांगलं माहीत होतं.

मास्तर म्हणजे माझा मित्र. पनवेलचाच, ज्यू, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. मी सरकारी कचेरीत कारकून, म्हणून तो मला भाऊसाहेब म्हणायचा. त्यांच्या घरी पूर्वी मराठीतून कीर्तनं होत. त्याची आई पेटीवर म्हणायची ती आठ पदं त्याला पाठ होती, आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. त्याचा मुलगा इस्रायलहून मागे लागला होता, बाबा, इकडे या, हल्ली तुम्ही विसरता. मास्तरला जायचं नव्हतं. "एकदा गॅस चालू राहिला," तो म्हणायचा, "त्याचं पुराण किती दिवस वाचायचं?"

आम्ही ती पदं माझ्या कॉम्प्युटरवर भरत होतो. शनिवारी त्याचा शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा वार, म्हणून रविवारी सकाळी बसायचो. तो आधी छोट्या कीबोर्डवर सूर वाजवायचा, मग गायचा. पेटीचा आवाज मात्र प्लगइनचा. प्लगइन म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचं वाद्य, एवढंच मला कळलं होतं. सहा पदं झाली आणि कॉम्प्युटर बसला. फाइली पेनड्राइव्हवर होत्या. नवा कॉम्प्युटर आणला, पेटी पुन्हा भरायला घेतली, तर पडद्यावर चार चौकोन आले. व्हीएसटी टू, व्हीएसटी थ्री, एएएक्स, क्लॅप. चारही चौकोनांत आधीच खुणा केलेल्या.

"हे चार काय?" मास्तरने विचारलं.

"पेटीचे प्रकार."

"पेटी तर एकच आहे."

"तेच मलाही कळत नाही."

"क्लॅप ठेव. टाळ्या तरी पडतील."

मी इंटरनेटवर वाचू लागलो. एकाने लिहिलं होतं, टू आता मेलं. दुसऱ्याने लिहिलं होतं, टू कधीही काढू नका. तिसरा म्हणत होता, ते तुमच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. आमचं सॉफ्टवेअर कशात बसतं ते शोधताना चहा निवला. नोकरीत मी जन्मभर अर्ज तपासले. कोणत्याही एकाच चौकोनात खूण करावी, असं वर छापलेलं असे, आणि दोन खुणा दिसल्या की मी अर्ज परत करायचो. तीच सवय. तीन खुणा काढल्या. थ्री ठेवलं, कारण दोनानंतर तीन येतात, म्हणजे ते नवं असणार.

"बाकीचे काढलेस?"

"एका कामाला एकच लागतो."

"बरं भाऊसाहेब. करा अर्ज मंजूर."

पहिलं पद उघडलं. एक सूचना आली. इतर सूचना बंद करतो तशी मी तीही न वाचता बंद केली. मास्तरचा आवाज आला, पेटी आली नाही. जिथे पेटीने उत्तर द्यायचं तिथे तो थांबायचा, तेवढा वेळ काहीच वाजायचं नाही, मग तो पुढे गायचा. सहाही पदांचं तेच. पेटीचे सूर पडद्यावर रांगेने दिसत होते, पण मुके.

मला काही समजेना, आणि समजत नाही हे त्याला दिसू द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "पेटी सेव्ह करायची राहिली असेल तुझ्याकडून. दर वेळी सांगत होतो."

"केली होती रे."

"आठवतंय तुला?"

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. "नाही," म्हणाला. "खरंच, आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सूचना शेवटपर्यंत वाचली. पेटीच्या नावापुढे बारीक अक्षरात टू लिहिलेलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर आमची पदं टूवर बांधलेली, आणि नव्यावर मी थ्री भरलं होतं. पेटी तीच, पण साचा वेगळा, म्हणून सॉफ्टवेअरला ती ओळखीची नव्हती. चारही खुणा ठेवून पुन्हा भरली. दहा मिनिटांत वाजायला लागली.

त्याला सांगायला निघालो. त्याचं घर तळ्याच्या पलीकडे. मी एसटी स्टँडपर्यंत गेलो, भाजी घेतली आणि परत आलो. तीन दिवस शब्द जुळवत होतो. चौथ्या दिवशी तोच आला.

"मुलाला कळवलं, येतो म्हणून. त्याचं खरं आहे, भाऊसाहेब. सहा पदांची पेटी गेली आणि मला पत्ता नाही."

"अरे, पेटी वाजायला लागली."

"कशी?"

"कॉम्प्युटर बंद करून चालू केला."

तो हसला. "तुझा कॉम्प्युटर सुधारला. माझं काय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन महिन्यांनी तो इस्रायलला गेला. उरलेली दोन पदं राहून गेली.

आता मुलगा फोन त्याच्यासमोर धरतो, आणि मास्तर त्याला विचारतो, "हे कोण?" तेव्हाच त्याचं विसरणं सुरू झालं होतं का? गॅस तर चालू राहिलाच होता. की विसरतोस असं मी म्हटलं म्हणून तो स्वतःवर विसंबेनासा झाला? की घर सुटल्यामुळे?

परवा फोनवर मी त्याला पहिलं पद ऐकवलं. तोही सोबत गाऊ लागला. पेटीच्या जागा आल्या की बिनचूक थांबत होता. मी म्हणालो, "मास्तर, त्या रविवारी..."

"श्श," तो म्हणाला, "पेटी चालू आहे."

पद संपेपर्यंत तो दमला आणि मुलाने फोन ठेवला. बोलायचं होतं ते एवढंच: मास्तर, तू सेव्ह केलं होतंस. खूण मी काढली होती. मला माफ कर.