दत्ताची परदेशी बायको

मारिसेल रांगेत उभी राहिली की दोन्ही कोपरं बाहेर काढायची. घोडेगावात माझं औषधांचं दुकान आहे, आणि आमच्याकडे रांग म्हणजे काउंटरला चिकटलेला घोळका. ती पहिल्यांदा आली तेव्हा एका इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसानं तिच्या खांद्यावरून हात पुढे घालून तापाची गोळी मागितली. तिनं कोपर असं फिरवलं की हात मुकाट्यानं परत गेला. "ओ भाऊ, मागं व्हा. मी काय भिताड हाये का?" चेहरा कुठल्या तरी दूरच्या बेटावरचा आणि मराठी अस्सल डिंभे धरणाच्या बाजूची. दुकानात सगळे हसले. ती हसली नाही. तिला सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या आणि तिचा नंबर आला होता.

मारिसेल फिलिपिन्सची. आखातातल्या एका इस्पितळात नर्स होती. आमच्या तालुक्यातला दत्ता तिथेच एसी दुरुस्तीचं काम करायचा. दोघांचं जमलं. दत्ताचे वडील गेले, आई हिराबाई खुबा मोडून अंथरुणाला खिळली, तसा दत्ता घोडेगावजवळच्या आपल्या गावी परत आला आणि त्याच्याबरोबर ही आली. हिराबाईंना तिनं चार महिन्यांत काठीवर चालतं केलं. मराठीही हिराबाईंकडूनच शिकली, त्यामुळे शिव्यांसकट शिकली. वाचायला मात्र तिला कोणी शिकवलं नाही. ही गोष्ट पुढे महागात पडली.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "गोड बोलू नगा, काम सांगा." हे ती विक्रेत्यांना म्हणायची, कंडक्टरला म्हणायची, मलाही म्हणायची. एकदा हळदीकुंकवाला एका बाईनं विचारलं, "तुमच्याकडं खातात तरी काय गं?" मारिसेल म्हणाली, "माणसं. पर तुमी लई वाळल्याल्या, तुमाला न्हाई खायाचं." त्या बाईनं वाण न घेताच घर गाठलं. मला मारिसेल आवडायला लागली ती तेव्हापासून.

तिला एकच गोष्ट हवी होती: इथे कायम राहण्याचा परवाना. दर वर्षी पुण्याला जाऊन मुदत वाढवून आणायची, दर वर्षी साहेबाच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं, याचा तिला वीट आला होता. "ताई, झाडाला दर साली इचारत्यात का, अजून ऱ्हायचं का म्हनून?" लग्नाला पुरेशी वर्षं झाल्यावर तिनं रीतसर अर्ज केला. कागद चोख होते. वकील म्हणाला, अडायचं काही कारण नाही.

कारण गावानं आधीच तयार करून ठेवलं होतं.

आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहायचं, की झाली ती घरची. हिराबाईंनी हौसेनं तिचं नाव राधिका ठेवलं. तिथवर ठीक होतं. पण पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली. सरपंचाला मतं कमी पडत होती, म्हणून तो घरोघरी नवीन नावं शोधत फिरत होता. त्यानं मतदार यादीसाठी राधिकाच्या नावाचा अर्ज भरून आणला आणि तिच्यापुढे धरला. "वहिनी, सही करा. आता तुमी आमच्या गावच्या पक्क्या झाल्या." अर्जात मराठीत लिहिलं होतं की मी भारताची नागरिक आहे. तिनं सही केली. दत्ता शेजारी उभा होता. दत्ताला वाचता येतं. पण सरपंचाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि आमच्या लोकांची अशी पक्की समजूत की जितकी कार्डं तितका माणूस मजबूत. रेशन कार्डात नाव, आता मतदार कार्ड, चला, बरंच झालं!

तिनं मतदान केलं. सरपंचानं तिच्या शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढून फाट्यावर फ्लेक्स लावला. सातासमुद्रापलीकडची सून, लोकशाहीचा उत्सव, असं काहीतरी खाली होतं आणि मधोमध सरपंचाचा हात जोडलेला मोठा फोटो. मी तेव्हा इथे नव्हते, जुन्नरला माहेरी होते. नाहीतर मी तो फ्लेक्स स्वतः उतरवला असता.

अर्जाच्या चौकशीला पोलीस गावात आला. बिचारा साधा प्रश्न विचारत होता, ही बाई इथे राहते का, वागणूक कशी आहे. झालं, अख्खा गाव तिच्या मदतीला धावला. "सायेब, परदेशी कशाची? आमचीच हाये ती!" एकानं रेशन कार्ड दाखवलं. दुसऱ्यानं मोबाइलमधला फ्लेक्सचा फोटो दाखवला. हिराबाई काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माज्या सुनंला परदेशी म्हनू नगा. राधिका नाव हाये तिचं. मतदान करती ती!" त्या पोलिसानं लेखणी थांबवून परत विचारलं म्हणे, "मतदान?" आणि सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं.

अर्ज फेटाळला गेला. दोन नावं लावली, नागरिक असल्याचं खोटं लिहून दिलं, मतदान केलं. मुदतही वाढवून मिळाली नाही. देश सोडून जा, असा आदेश आला. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर त्या साहेबाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदावर तिची सही होती. वकील म्हणाला, एक वाट आहे. ज्यानं अर्ज भरला त्यानं लिहून द्यावं की तिला मराठी वाचता येत नव्हतं, मजकूर वाचून दाखवला नव्हता, सही आपण घेतली. मग अपील करता येईल.

दत्ता सरपंचाकडे दोनदा जाऊन हात हलवत परत आला. तेव्हा मी मारिसेलला घेऊन सरपंचाच्या घरी गेले. त्यानं चहा मागवला. मारिसेल म्हणाली, "च्या नगं. काम सांगते. लिवून द्या."

"वहिनी, तुमच्यासाठी जीव देईन," सरपंच म्हणाला, "पर लिवून दिलं तर माजं पद जाईल. वरून गुन्हा."

"जीव ठेवा तुमचा. सही द्या."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमी तरी समजावा. मला काय म्हाईत तिला वाचता येत न्हाई? आन् आसं बघा, शेवटी पावणीच की वो ती. आज ना उद्या जायाचीच."

मी आयुष्यात बऱ्याच हलक्या माणसांशी बोलले आहे, दुकान चालवायचं तर बोलावंच लागतं. पण मतासाठी घरची आणि सहीसाठी पाहुणी, हा हिशेब इतक्या थंडपणे तोंडावर सांगणारा मी दुसरा पाहिला नाही. मी त्याला काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. मारिसेल माझ्याकडे कौतुकानं बघत होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "ताई, ती दुसरी शिवी मला येत न्हवती."

ज्यांनी पोलिसापुढे गर्दी केली होती त्यांच्याकडेही आम्ही गेलो. अर्ज कोणी भरला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एकाला पाइपलाइनची मंजुरी हवी होती, एकाचा पोरगा पंचायतीत चिकटायचा होता. कोणी शेतात, कोणी मंचरला. दारं उघडी आणि माणसं गायब.

मात्र तिला निरोप द्यायला सगळे हजर. सरपंचानं समाजमंदिरात सत्कार ठेवला. माईक, हार, शाल, नारळ. दत्तासुद्धा तिच्याबरोबर निघाला होता, तो मान खाली घालून खुर्चीवर बसला होता. सरपंच डोळे पुसत बोलला. गावाची लेक चालली, वगैरे. मग त्यानं शाल उलगडली आणि तिच्या खांद्यावर घालायला पुढे झाला. मारिसेलनं कोपर आडवं धरलं. शाल त्याच्या हातातच राहिली. तिनं माईक ओढून घेतला.

"शाल नगं," ती म्हणाली. "सही द्या. अजून टाइम हाये. कागद ताईंच्या पिशवीत हाये, पेन बी हाये."

खरंच होता. मी उठून कागद टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. सरपंच शालीच्या घड्या घालायला लागला. फार नीट घातल्या त्यानं, काठाला काठ लावून. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "जेवनं करून घ्या रं!" आणि अख्खी सभा सुटल्यासारखी पंगतीकडे पळाली.

मारिसेल जेवली नाही. स्टँडवर तिनं मला हिराबाईंच्या गोळ्या कुठली कधी ते पुन्हा सांगितलं, जणू मी औषधं विकत नसून भाजी विकते. मी म्हटलं, "रडू येत असलं तर रड." ती म्हणाली, "रडायचं कशापायी? मला राग आलाय. तुमी बी राग सोडू नगा." एसटी आली. आत चढतानासुद्धा तिनं एका घुसखोराला मागे सारलं.

राग मी सोडलेला नाही. हिराबाई आता आठवड्याला माझ्या दुकानात येतात, गोळ्या घेतात आणि माझ्या फोनवरून सुनेशी बोलतात. मधल्या काळात तिकडे फिलिपिन्समध्ये दत्ता परदेशी झाला होता आणि त्याच्या कायम राहण्याच्या परवान्यासाठी मारिसेल धावपळ करत होती. परवा फोन आला. परवाना मिळाला. मी स्पीकर लावला आणि विचारलं, "तुमच्या गावातल्या लोकांना विचारलं का गं साहेबांनी? काय सांगितलं त्यांनी?"

"खरं ते सांगितलं," ती म्हणाली. "दत्ता परदेशी हाये. आमची भाषा लई वंगाळ बोलतो. मासा साफ करता येत न्हाई. पर बायकूला सोडून जायाचा न्हाई. आन् खाली सह्या केल्या समद्यांनी."

मी मोठ्यानं हसले. हिराबाई हसल्या नाहीत. काउंटर धरून त्या पुढे झाल्या. मग मला विचारलं,

"परदेशी हाये म्हनून सांगितलं, तरी ठिवून घेतला?"