झोका नावाची लाईन

मुकादमचाचांनी कोल्हापूरच्या रेल्वे यार्डातल्या एकाही लाईनीचा नंबर कधी तोंडातून काढला नाही. साहेबांनी विचारावं, "तीन नंबर मोकळी आहे का?" आणि चाचांनी उलट विचारावं, "नाव सांगा की सायेब." चाचा आता नाहीत. त्यांच्या जागी मी मुकादम आहे, आणि नंबर मलाही नीट आठवत नाहीत.

गुळाच्या ढेपा जिथून भरल्या जात, ती 'गुळाची'. वळणामुळे जिचं टोक ड्रायव्हरला दिसत नाही, ती 'आंधळी'. 'कावळी'वर कावळ्यांनी भरलेलं चिंचेचं झाड होतं. तिथे काम करताना डोक्यावर पदर घ्यावाच लागे. चाचांचं म्हणणं एकच: "नाव कुनी ठेवायचं नसतंय. लायनीवर जे घडलं, त्यावरनं ते पडतंय."

नवरा गेल्यावर मी त्याच्या जागेवर गँगमध्ये लागले. अकरा पुरुष आणि मी. मालधक्क्यामागे नवी लाईन टाकली होती, तिला अजून नाव नव्हतं. रुळांच्या स्लीपरखाली खडी ठोकून बसवायची होती. एक बाजू माझ्याकडे आली. मी जीव तोडून ठोकली, पण लेव्हल लावून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनानं रिकामे डबे आत ढकलले आणि ते डावी-उजवीकडे डुलायला लागले. पडलं काहीच नाही, पण गँग पोट धरून हसली.

"वैनी, पंचमी आली काय? झोका बांधलाय न्हवं!"

संध्याकाळपर्यंत लाईनीचं नाव पडलं होतं.

मी तडक चाचांकडे गेले. "हे नाव बंद करा. उद्या दुसरी बाई कामावर आली, तर तिलाही हाच झोका दाखवतील. म्हणतील, बायकांचं काम हे असलं."

चाचा मला 'पाना' नावाच्या लाईनीवर घेऊन गेले. "हितं सांध्यात पाना इसरलतो मी. इंजिन अर्धा दिवस अडकलं. नाव पुसा म्हणून मी पन मुकादमाकडं गेलतो."

"मग?"

"मग काय! हाकलला मला. नाव पुसत न्हाय पोरी. लाईन सुधारती."

त्यानंतर कामाची वाटणी होताना मी झोका मागून घ्यायला लागले. पावसाळ्यात आधी तिथलं पाणी काढायचं, मग बाकीचं. चाचा येऊन वाकून बघत आणि "ठीक हाय" म्हणून निघून जात. त्यापलीकडे कौतुक नाही. अशी सात वर्षं गेली.

चाचांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मोठे साहेब तपासणीला आले. ढकलट्रॉलीवर साहेब आणि चाचा, ढकलायला चौघं, बाजूनं मी चालत. झोक्याच्या तोंडाशी चाचांनी ट्रॉली थांबवली. चहाचा ग्लास काठोकाठ भरून घेतला, फळीवर ठेवला आणि हात काढून घेतला.

"चला रं."

मी रुळाकडे बघितलंच नाही, ग्लासाकडे बघत चालले. लाईन संपली. एक थेंब सांडला नव्हता.

साहेबांनी विचारलं, "एवढ्या सरळ लाईनीला झोका का म्हणतात?"

गँग खाली बघायला लागली. चाचा म्हणाले, "ते ती सांगंल. लाईन तिची हाय."

मी सगळं सांगितलं, हसणाऱ्यांच्या नावांसकट. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"वाचून दाखवा की," चाचा म्हणाले.

"लाईन नंबर सहा. झोका. उत्तम."

"आता बराबर," म्हणत चाचांनी तो गार चहा एका दमात संपवला.