रुमालाखालचा हात

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. कमलनगरच्या आसपास मी या धंद्यात वीस वर्षं काढली. कुणी शिकवलं नाही. शिव्या खाऊन आणि देऊन शिकलो. बाजारात मला सगळे अण्णा म्हणतात आणि माझ्या घासाघिशीला भितात.

त्या दिवशी मीच भ्यालो.

बैलजोडी विकायला घेऊन आमच्याच गावचा म्हातारा उभा होता. ह्याच्या अंगणाबाहेर माझा बाप ओंजळ पसरून थांबायचा. हाताला हात लागू नये म्हणून मजुरी वरून टाकली जायची. आम्ही बौद्ध. बाजारात ते कुणी विचारत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

मी सवयीनं रुमाल टाकून हात पुढं केला. म्हातारा हललाच नाही. आजूबाजूचे व्यापारी आमच्याकडं बघायला लागले. ह्यानं हात दिला नाही, तर उद्यापासून बाकीचेही मला भाव तोंडानंच सांगतील, अगदी हसत हसत. मग बाजारात मी कुणीच उरणार नाही. ओरडावं, तर म्हणतील, बघा, जात मधी आणायलाय. मी हात तसाच पुढं धरून ठेवला.

"घाला की हात, आप्पा," एक व्यापारी म्हणाला. "अण्णा काय बोट मोडून घरी न्हेत न्हाई."

दोघं-तिघं हसले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग हात रुमालाखाली सारला आणि बोटं दाबली. एरवी असल्या चढ्या भावाला मी रुमाल भिरकावला असता. डावा बैल मागचा पाय ओढतोय, हेही दिसत होतं. पण मी भाव पाडायला गेलो आणि ह्यानं हात काढून घेतला तर?

"जमलं," मी म्हणालो.

म्हाताराच दचकला. "कामून रं? घासाघीस न्हाई करायलास?"

"न्हाई आप्पा. गावचीच जोडी हाय."

व्यापारी आपापल्या कामाला लागले. म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

माझा तळवा घामानं थबथबला होता. कुणीही हात पुसला असता. हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय, पण त्या माणसावरचा राग जात नाही. अजूनही सौद्याला बसण्याआधी मी तळवा पँटीला घासून कोरडा करतो.