आत्ता कुठं आहेस?

फोन उचलला की अक्काचं पहिलं वाक्य हेच. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखायची आणि विचारायची, "आत्ता कुठं आहेस?" घाईत असली की तेच कानडीत, "एल्लिद्दी?" आपण उभे आहोत ती जागा सांगितल्याशिवाय पुढचं अक्षर तिच्या तोंडून निघायचं नाही.

मी नळाची कामं करायचो, धारवाडात आणि हुबळीत. शाळा चौथीपर्यंत. मोबाइल आमच्या हातात आले नव्हते तेव्हाची गोष्ट. अक्का माझ्या नात्याची नव्हे, सगळेच तिला अक्का म्हणायचे; धारवाडात सप्तापुरात राहायची. नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन, म्हणून गल्लीतला पहिला फोन त्यांच्या घरी आला. एकदा मी त्यांच्या टाकीचं काम केलं, तर पुढं आठवडाभर लोक तिच्या दारात, तो नळवाला कुठं भेटेल म्हणून. शेवटी तिनं मला बोलावून सांगितलं, "माझा नंबर दे लोकांना. निरोप मी घेते. तू दिवसातून दोनदा बूथवरून फोन करायचा, एक वाजता आणि सहा वाजता. महिन्याला ठरवून पैसे द्यायचे. उपकार नाही करत, धंदा करतेय मी."

माझ्यामागून एक रंगारी आला, एक इलेक्ट्रिशियन आला, करता करता आम्ही बाराजण झालो.

निरोप घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवतात आणि चिटोरा हरवतात. हिचं तसं नव्हतं. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. त्याआधी काम झालं नाही तर ते घर आठवडाभर कोरडं. कुठल्या गल्लीला कुठल्या दिवशी पाणी सुटतं हे अक्काला पाठ. गिऱ्हाइकाला विचारायची, थेंबथेंब गळतंय की धार लागलीय? मग मला सांगायची, "आधी रायापूरला जा, त्यांचं पाणी उद्या पहाटे आहे. अर्ध्या इंचाचा एल्बो घेऊन जा, म्हणजे हेलपाटा नको." एल्बो म्हणजे पाइप वळवायचा सांधा, तो तिनं जन्मात हातात धरला नव्हता.

सप्तापुरातच एक रिटायर झालेले मास्तर होते. दर आठवड्याला त्यांचा नळ बिघडायचा. मी एकदा वैतागलो. अक्का म्हणाली, "नळ चांगला आहे त्यांचा. घरात बोलायला कुणी नाही. बोलायचं काम मी करते, तू दोन महिन्यांतून एकदा जाऊन पान्हा फिरवून ये."

मग हुबळीत पंप विकणारी एक कंपनी आली. दोन्ही गावांतल्या तक्रारी घरी बसून फोनवर घेईल असं माणूस त्यांना हवं होतं. मी त्यांचे पंप बसवायचो, मीच अक्काचं नाव सुचवलं. तिला ते काम हवं होतं. तोंडानं म्हणाली नाही, पण नवी वही आणली, तिला कव्हर घातलं, फोनखाली भरतकामाचा रुमाल आला.

साहेबानं मला विचारलं, "त्या बाईंचं ट्रेनिंग काय झालंय? टायपिंग, कम्प्युटर, कसला कोर्स?"

मी म्हणालो, "काही नाही साहेब. सातवी झालीय. नुसती फोन घेते."

खोटं त्यात काय होतं, तुम्हीच सांगा. तोंडावर खरं बोलणारा म्हणून मला चार लोक ओळखायचे आणि मलाही त्याचा गर्व होता. काम कोर्स केलेल्या एका मुलीला मिळालं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी फोन केला. जागा विचारली. तीन निरोप दिले. मग म्हणाली, "साहेबाचा फोन आला होता. मी नुसती फोन घेते होय रे?"

"मग खोटं सांगू?"

"नको," ती म्हणाली. "दाजीबानपेठेतलं काम चारच्या आत कर, ते दुकान लवकर बंद करतात."

पुढच्या आठवड्यात ती एका क्लासचा जिना चढून आली, माहिती काढायला. मला हसत हसत सांगत होती, "सहा महिन्यांचा कोर्स आहे. फोन कसा घ्यायचा ते तिसऱ्या महिन्यात शिकवतात. त्याच्याआधी वाजला तर काय करायचं, विचारलं मी. पोरीनं फीचा कागद पुढं केला." मीही हसलो. ती क्लासला गेली नाही. नवी वही मात्र नंतर कधी दिसली नाही.

माझी बायको गेली ते त्याच्या पुढच्या वर्षी.

सकाळी ती बरी होती, मला डबा दिला. मी हुबळीत दाजीबानपेठेत एका कापडदुकानात कामाला गेलो. काम लवकर आटपलं आणि दुकानासमोरच एका कंत्राटदारानं हातात पाइप देऊन मला दुसरीकडे ओढून नेलं. एक वाजताचा फोन मी केला नाही. मी कुठं आहे हे त्या वेळी जगात कुणाला माहीत नव्हतं. इकडे बायकोच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं आणि अक्काला फोन केला.

अक्कानं काय केलं ते मला मागाहून कळलं. तिनं कापडदुकानात फोन लावला. मालक म्हणाला, तो अकरालाच गेला, बरोबर अख्खा पाइप होता. तिनं विचार केला. अख्खा पाइप बसमध्ये घेत नाहीत, म्हणजे टेम्पोनं गेला. दुरुस्तीला तुकडा पुरतो, अख्खा पाइप लागतो नव्या घराला. हुबळी-धारवाड रस्त्यावर त्या वेळी नवी घरं उठत होती ती रायापूरला. तिथल्या बूथवाल्याला तिनं फोन केला, "नवी बांधकामं बघत जा. जिथं पाइप दिसेल तिथं आमचा माणूस. त्याला म्हण, हत्यारं तिथंच टाक आणि दवाखान्यात जा, बायको वाट बघतेय."

बूथवाला शटर ओढून धावत आला.

मी पोचलो तेव्हा बायको दाराकडे बघत होती. म्हणाली, "डबा खाल्लात का?" खाल्ला नव्हता. खाल्ला म्हणालो. माझा हात तिनं सोडला नाही. अर्धा-पाऊण तास असेल, जास्त नाही. पण तेवढं मिळालं.

नुसती फोन घेते, हे मीच बोललो होतो.

अक्काला सांगायचं होतं, तुझ्याबद्दल मी चुकीचं बोललो, त्या साहेबाला जाऊन सांगतो. रोज दोनदा फोन व्हायचा. ती जागा विचारायची, निरोप द्यायची, मी "बरं" म्हणून ठेवून द्यायचो. एरवी वाटेल ते बोलणारा मी, एवढंच बोलता येईना. उद्या सांगू, म्हणायचो. अशी दोन वर्षं गेली.

आता माझी पुतणी म्हणते, घरी बसून कम्प्युटरवर परगावच्या साहेबांची कामं सांभाळायचा धंदा काढणार आहे. "काका, त्याला कोर्स लागतो का हो?" मी तिला म्हणालो, मला विचारू नकोस. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा देऊन बसलोय.

शेवटचं सांगतो. अळणावरजवळच्या एका खेड्यात मी पंधरा दिवस टाकीच्या कामावर होतो. तिथं फोन नव्हता. हुबळीकडे परत येताना रायापूरला उतरलो आणि त्याच बूथवरून नंबर फिरवला. सहा वाजले होते.

"कोण बोलतंय?" पुरुषाचा आवाज. तिचा मुलगा, बंगळूरहून आलेला.

मी नाव सांगितलं.

"आई गेली," तो म्हणाला. "आज अकरावा दिवस. बाकीच्यांचे फोन आले तसं त्यांना कळलं. तुम्हालाही कळवायचं होतं हो. वहीत नावं आहेत, पण नंबर एकाचाही नाही. कोण कुठं सापडेल हे फक्त आईला ठाऊक."

बूथवाला माझ्याकडे बघत होता. मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. पलीकडून कुणी काही विचारीना.

"मी रायापुरात आहे," मीच सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. त्याच्याकडे माझ्यासाठी निरोप नव्हता.