मोरीतला पिवळा जंतू

जंतूंचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थेत तिला पाठीमागे सगळे 'जंतूबाई' म्हणायचे. कानावर आलं तेव्हा तिनं ते नाव ठसठशीत अक्षरांत लिहून आपल्या खोलीच्या दारावरच चिकटवलं.

वडील नळदुरुस्तीची कामं करायचे. आपण काय करतो हे तिनं त्यांना एकदा समजावलं: कुठला जंतू कुठली साखर खातो, किती उष्णता सोसतो, कोण कोणाचा सख्खा आणि कोण नुसताच तोंडावळ्यानं सारखा.

"म्हणजे खोट्या सोयरिकी मोडायच्या," वडील म्हणाले.

नोकरीच्या सातव्या वर्षी शहरातल्या रुग्णालयात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात ताप पसरला. संस्थेकडे तपासायला आलेल्या त्यांच्या रक्तात एक पिवळा जंतू निघाला. तिच्या विभागप्रमुखांच्या ग्रंथात तो मातीतला, निरुपद्रवी ठरला होता. त्यामुळे नमुन्यांत बाहेरून घाण गेली असेल, असं सगळ्यांनी धरलं. तिनं चाचण्या पुन्हा केल्या. मातीतला जंतू अंगाच्या उष्णतेला मरायचा. हा फोफावत होता.

"सर, ही वेगळी प्रजाती आहे."

"त्या ग्रंथावर माझं नाव आहे."

"म्हणून तर चूक तुम्हीच दुरुस्त करायला हवी."

दुसऱ्या दिवशी तिला भांडारामागची बिनखिडकीची खोली मिळाली. नव्या प्रजातीची नोंद व्हायची तर नमुने दोन देशांतल्या जंतुसंग्रहांत पाठवावे लागतात. त्या पत्रावर प्रमुख सही करेनात. ताप ओसरला, विषय मागे पडला, तिची बढती तीनदा हुकली. जंतू जिवंत राहावा म्हणून दर दोन महिन्यांनी ती त्याला नव्या नळीत, नव्या अन्नावर घालत राहिली. नऊ वर्षं.

"आता कोणाला आठवतंय ते?" नवरा वैतागून म्हणाला.

"जंतू विसरलेला नाही ना!"

मग एका सकाळी वॉर्डच्या मुख्य नर्सचा फोन आला. "बाई, पुन्हा सुरू झालंय. एक बाळ गेलं."

ती म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तडक वॉर्डात गेली. त्यांनी तिथल्या मोरीतल्या सिंकखालचा पाइप खोलला. आत पिवळा, बुळबुळीत थर. तपासला, तर तोच जंतू. या वेळी तिनं कोणाची परवानगी मागितली नाही. अहवाल थेट रुग्णालयाला दिला. त्या वॉर्डाचे पाइप बदलले, ताप थांबला.

प्रमुखांनी बोलावलं. "सही करतो. पण प्रजातीला माझं नाव द्या."

"सर, तो मोरीत सापडलाय."

प्रमुखांचा चेहरा पडला.

"मोरीवरूनच नाव ठेवतेय. करा सही."

सही झाली. नोंदही झाली.

ती निवृत्त झाल्यावर रुग्णालयाच्या नव्या संचालकांनी फोन केला. त्यांना तिचा सत्कार करायचा होता.

"बाकीच्या दोन वॉर्डांचे पाइप बदललेत?"

"ते... विचाराधीन आहे."

"मग सत्काराच्या दिवशी मी त्या वॉर्डांत असेन. वार्ताहरांनाही तिकडेच बोलावते."

आठवड्याभरात पाइप बदलले. सत्कार मात्र राहूनच गेला.